फाटा ते पूल

"ताई, त्यात माझा पोरगा आहे. एकदा बघू द्याल?"

मी टेबलाखाली वाकून वायरी तपासत होते. मान वर केली तर दारात साठीचा एक माणूस उभा होता. लेंगा, शर्ट, टोपी, आणि भुवयांवर पिठाचा पांढरा थर. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. एक पाय उंबऱ्याच्या आत होता, दुसरा बाहेर.

"कशात आहे?" मी विचारलं.

त्याने भिंतीवरच्या पडद्यांकडे बोट केलं. "ह्या क्यामेऱ्यात. फाट्यावरच्या."

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत गावभरच्या कॅमेऱ्यांचे पडदे लावलेले होते. त्या सगळ्याची देखभाल आमच्या कंपनीकडे होती, आणि तालुक्याच्या त्या गावी मी पहिल्यांदाच आले होते. तक्रार साधी होती. गावाबाहेरच्या फाट्यावरचा कॅमेरा वेळ चुकीची दाखवत होता. नवे इन्स्पेक्टर दाभाडे साहेब मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघणारे होते, म्हणून ते लक्षात तरी आलं. त्यांच्या आधी कुणी बघितलंच नव्हतं.

दाभाडे साहेब त्या माणसाच्या मागून आले. "या तोडकर, आत या. मॅडम, हे गुलाबराव तोडकर. बाजारात यांची पिठाची गिरणी आहे. यांचा मुलगा चैत्रात अपघातात गेला. कोर्टासाठी काढून ठेवलेलं चित्रण आहे, ते दाखवा यांना. कधीपासून मागतायत, कुणी दाखवलं नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

फाट्यावरचं चित्रण लावलं. सकाळची वेळ, रस्ता जवळजवळ रिकामा. कोपऱ्यात सव्वासातला थोडी कमी अशी वेळ. डावीकडून एक मोटरसायकल आली. वर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, पाठीला सॅक. कॅमेऱ्यासमोर येताना त्याने एका हाताने सॅकचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि उजवीकडे निघून गेला. संपलं.

"परत लावा," गुलाबराव म्हणाले.

मी परत लावलं. मग न सांगताच तिसऱ्यांदा लावलं.

"हर्षद," ते मला म्हणाले, जणू ओळख करून देत होते. "डेअरीत होता कामाला, पुलापलीकडं. सकाळची पाळी." थोडं थांबून म्हणाले, "जागीच गेला हो. डोक्याला मार. काही कळलंच नसणार त्याला. तेवढं एक बरं झालं. त्याच्या आईला मी तेच सांगतो."

फाट्यापासून पुलापर्यंत तीनेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये एक वळण. अपघात त्या वळणावर झाला होता, तिथे कॅमेरा नव्हता. पुलावर होता. गुलाबरावांनीच सांगितलं, "आता पुलावरचं लावा. त्याच्यात तो डवरी दिसतो."

पुलावरचं चित्रण दुसऱ्या सर्व्हरवर होतं. त्यात एक टेम्पो समोरून, म्हणजे पुलाकडून फाट्याच्या दिशेने येताना दिसला. मागे गुळाच्या ढेपा, दोरांनी बांधलेल्या. कोपऱ्यात जवळजवळ तीच वेळ, सव्वासातच्या आत-बाहेर.

"हाच," गुलाबराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. "काशिनाथ डवरी. ह्यानं उडवला माझा पोरगा. आणि पाच मिनिटांत स्वतःच फोन केला ॲम्ब्युलन्सला, साव असल्यासारखा. जामिनावर बाहेर आहे. कोर्टात काय म्हणतो माहिताय? म्हणतो, पोरगा आधीच पडलेला होता. म्हणतो, माझ्याशी बोलला, पाणी मागितलं. मेलेल्या पोराच्या तोंडात शब्द घालतो! मी कोर्टाच्या पायरीवर कॉलर धरली त्याची. लोकांनी सोडवला."

दाभाडे साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गुलाबरावांनी जाताना विचारलं, "ताई, त्या चित्रातला एक फोटो काढून मिळंल का? सॅक सारखी करतो तो?"

"साहेबांनी परवानगी दिली तर काढून ठेवते, काका," मी म्हटलं. साहेबांनी मान हलवली. "उद्या या."

ते गेल्यावर मी माझ्या कामाला लागले. बिघाड तासाभरात सापडला. सगळे सर्व्हर एकाच ठिकाणाहून, इंटरनेटवरून वेळ घेतात आणि आपापलं घड्याळ जुळवतात. फाट्यावरच्या सर्व्हरची लाइन कधीतरी बदलली होती, आणि त्या बदलात वेळ आणणारी वाट बंद झाली होती. बाकी सगळं सुरू, म्हणून कुणाला कळलं नाही. तेव्हापासून तो आपल्याच घड्याळावर चालला होता. ते घड्याळ रोज काही सेकंद पुढे पळायचं. रोजचे ते सेकंद साचून आता तो पाऊण तासाहून जास्त पुढे गेला होता. पुलावरचा मात्र माझ्या फोनशी तंतोतंत जुळत होता.

मी वाट मोकळी केली, वेळ जुळवली. आता अहवालात लिहायचं होतं की ही चूक केव्हापासूनची. जुनं चित्रण महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. जुनं म्हणून राहिलेलं होतं ते फक्त कोर्टासाठी काढून ठेवलेलं. हर्षद तोडकरचं.

मी दोन्ही पडदे शेजारी शेजारी लावले, फाटा आणि पूल. दोन्हीकडचं तासाभराचं चित्रण होतं. फाट्यावर हर्षद गेला. त्याच्या मागून एक दुधाची गाडी गेली. मग एसटी गेली, पुलाच्या दिशेनेच. तिच्या मागच्या काचेच्या जागी निळ्या ताडपत्रीचा तुकडा लावलेला होता आणि तो वाऱ्याने फडफडत होता.

तीच एसटी मी पुलावर शोधली. सापडली. तीच निळी ताडपत्री. पण तिथली वेळ सात वाजायच्याही आधीची होती. फाट्यावरून निघायच्या आधीच ती पुलावर पोचलेली होती.

त्या दिवशीही फाट्याचं घड्याळ पुढेच होतं, तेव्हा अर्ध्या तासाने. एवढं लिहिलं की माझं काम संपत होतं. मी पेनचं टोपण लावलं, आणि मग माझं लक्ष पुन्हा त्या पुलावरच्या पडद्याकडे गेलं. एसटी पूल ओलांडून निघून गेली होती. रस्ता मोकळा होता. डवरीचा टेम्पो अजून आलेलाच नव्हता.

मी पुढे पुढे नेत राहिले. मोटरसायकली, एक ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन. टेम्पो येईना. वीसेक मिनिटांनी आला.

हर्षद एसटीच्या पुढे होता. एसटी टेम्पोच्या कितीतरी आधी पूल पार करून गेली होती. म्हणजे हर्षद त्या वळणावर पोचला तेव्हा डवरी कुठेतरी लांब होता.

मी दाभाडे साहेबांना बोलावलं आणि दोन्ही पडद्यांवरची एसटी दाखवली, मग टेम्पो. त्यांनी दोनदा पाहिलं. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"डवरी खरं बोलत होता," ते म्हणाले.

"हो."

"त्याचा टेम्पो बाहेर आवारात उभा आहे. सात महिने." त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "कोर्टाला मी आजच कळवतो. पण मॅडम, पोरगा अर्धा तास तिथं पडलेला होता, असा अर्थ होतो याचा."

"हो," मी म्हटलं. डवरीच्या सुटकेच्या आनंदात ते माझ्या मनात तोवर आलंच नव्हतं.

"उद्या तोडकर फोटो न्यायला येणार. मी सांगतो त्यांना. पण तुम्ही थांबा. ते घड्याळाचं मला समजावून सांगता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी गुलाबराव सकाळीच आले. फोटो लिफाफ्यात घालून ठेवला होता. तो त्यांनी उघडून बघितला, खिशात ठेवला. साहेबांनी त्यांना बसवलं. मी दोन्ही पडदे लावले आणि एसटी दाखवली. एकदा फाट्यावर, एकदा पुलावर.

गुलाबराव आधी चिडले. "घड्याळ चुकलं म्हणता. मग आजवर बरोबर कसं होतं? त्याच्या वकिलानं पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही हो काका. मी वकिलाला ओळखत नाही. तुम्ही घड्याळ बघूच नका. फक्त ही एसटी बघा. ही हर्षदच्या मागून निघाली. आणि टेम्पो यायच्या आधी पुलावरून गेली."

त्यांनी बघितलं. बोटाने पडद्याला स्पर्श करत बघितलं. गिरणीवाला माणूस, मशीन कुठे अडतं हे ओळखणारा. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचं बोट पडद्यावरच राहिलं.

"म्हणजे त्यानं नाही उडवला."

"नाही," साहेब म्हणाले. "दुसरं कुठलं तरी वाहन होतं. आम्ही शोधू. पण आता कठीण आहे."

"आणि हर्षद..." गुलाबराव थांबले. "डवरीनं फोन केला सव्वासाताला. तो म्हणतो तसा पोरगा त्याच्याशी बोलला असंल, तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर तो कधीपासून पडला होता, ताई?"

 त्यांना माझं उत्तर नको होतं. ते स्वतःच हिशोब करत होते.

"लोक जात होते की. ही एसटी गेली. दुधाची गाडी गेली."

"तो रस्त्याच्या खाली होता, तोडकर," साहेब म्हणाले. "बाभळीत. गाडी पण खालीच. वरून जाणाऱ्याला दिसणारं नव्हतं."

गुलाबरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. केसांतही पीठ होतं. "जागीच गेला म्हणून मी झोपत होतो हो," ते म्हणाले. "जागीच गेला म्हणून."

मग उठले. दारापर्यंत गेले आणि मागे वळून मला म्हणाले, "ताई, डवरीच्या गावाला येता माझ्यासंगं? मला एकट्याला तो दारात उभं करायचा नाही. त्यानं करू पण नये."

साहेबांनी मला डोळ्यांनीच विचारलं. माझी परतीची गाडी दुपारची होती. मी सॅक खोलीतच ठेवली आणि त्यांच्या मागे निघाले.

रिक्षाने गेलो. डवरीचं गाव पुलाच्या पलीकडे. वाटेत ते वळण लागलं. गुलाबरावांनी तिकडे बघितलं नाही. ते सबंध वेळ रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत बसले होते.

घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. दारात डवरीची बायको धान्य पाखडत होती. गुलाबरावांना बघून ती सूप हातात घेऊनच उभी राहिली.

"आता काय राहिलंय?" ती म्हणाली. "टेम्पोवर कुणी घेईना त्यास्नी. तुमचं समाधान झालं न्हाई अजून?"

"वैनी, चुकलो मी," गुलाबराव म्हणाले. "तेच सांगायला आलोय."

तिला काही समजलं नाही. आतून डवरी बाहेर आला. पन्नाशीचा, काळा, बारीक अंगाचा माणूस. त्याचा हात नकळत आपल्या कॉलरकडे गेला. गुलाबरावांनी ते बघितलं आणि खाली मान घातली.

मी पुढे होऊन सांगितलं, घड्याळ चुकलेलं होतं, आता दाभाडे साहेब कोर्टात तसं लिहून देणार आहेत. डवरी ऐकत होता. त्याला आनंद झालेला दिसला नाही. त्याने फक्त बायकोला म्हटलं, "ऐकलंस का? मी सांगत हुतो." आणि ती सूप खाली ठेवून आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला.

डवरीने दोन पोती अंथरली. आम्ही बसलो.

"तुम्ही त्याच्याजवळ होता," गुलाबराव म्हणाले. "मला सांगा. मी तेव्हा ऐकलं नाही. आता सांगा."

डवरीने पोत्याची कड सारखी केली.

"दोर सैल झाला म्हणून थांबलो. दोर आवळतोय तर खालनं आवाज आला. वाटलं कुत्रं हाय. वाकून बघितलं तर बाभळीत पोरगं. खाली उतरलो. पाणी पाणी करत हुतं. क्यानमधलं दिलं. दोन घोट गेलं, बाकीचं हनुवटीवरनं खाली. मग फोन केला. डोकं मांडीवर घेतलं."

"बोलला?"

"बोललं."

"काय बोलला?"

डवरी माझ्याकडे बघायला लागला. मी उठायला गेले तर गुलाबरावांनीच हाताने बसवलं.

"त्यानं डोळं उघडलं," डवरी म्हणाला. "माझ्याकडं बघितलं. आणि म्हणालं, आप्पा, आलासा?"

गुलाबरावांच्या तोंडातून काही तरी आवाज आला.

"मला वाटलं, न्हाई कसं म्हणू? म्हणून म्हणालो, व्हय, आलो. चुकलं आसंल तर माफ करा. तुमची जागा घेतली मी."

"मग?"

"मग म्हणालं, आप्पा, गाडीला काय झालं न्हाई. रागावू नका. दोन-तीनदा तेच. गाडीला काय झालं न्हाई."

"तुम्ही काय म्हणालासा?"

"म्हणालो, गाडी मरू दे रे बाळा. मी रागावलो न्हाई. गप पड. गाडी येतीया न्यायला." डवरीने तोंडावरून हात फिरवला. "मग गप पडलं. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी."

"हे कोर्टात का नाही सांगितलं?"

"पाणी मागितलं म्हणून सांगितलं तर तुम्ही अंगावर आलासा. आणि हे माझं नव्हतंच. ते तुमच्याशी बोललं हुतं, माझ्याशी न्हाई. तुमच्या घरातलं बोलणं चार लोकांत कसं सांगू?"

 गुलाबराव माझ्याकडे वळून, पण मला नव्हे, असं म्हणाले, "नवी गाडी. त्याच्या आठ दिवस आधी कुठंतरी घासून आणली होती. मी बोललो त्याला. ताटावर बोललो. त्यानं अर्धी भाकरी तशीच ठेवली." पुन्हा डवरीकडे वळले. "तुम्ही बरोबर बोललासा. मी पण हेच बोललो असतो."

त्यांचं वाक्य शेवटाला प्रश्नासारखं वर गेलं. डवरी म्हणाला, "बोलला असतासा. बापच तुम्ही."

तेव्हा गुलाबराव रडले. दोन्ही हात पोत्यावर टेकून, लहान मुलासारखे पुढे वाकून रडले. डवरीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काय करावं हे त्याला कळत नव्हतं, तो नुसता थोपटत राहिला. त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

रडणं थांबल्यावर गुलाबराव म्हणाले, "परत सांगा. टेम्पो थांबवला तिथनं."

आणि डवरीने परत सांगितलं.

पुढे डवरी सुटला. टेम्पो परत मिळाला, कामही मिळालं. हर्षदला उडवणारं वाहन काही सापडलं नाही. हे मला दाभाडे साहेबांनी नंतर फोनवर सांगितलं. त्या गावी मी कामासाठी अजून दोन-तीनदा गेले, पण बाजारातल्या गिरणीकडे गेले नाही. धीर झाला नाही. त्याला कारण त्या दिवशीची संध्याकाळ.

परत येताना गुलाबराव म्हणाले, "शालनला काय सांगू, ताई? जागीच गेला, जागीच गेला, असं मीच सांगत आलो तिला." शालन म्हणजे त्यांची बायको.

"काहीच सांगू नका ना, काका. डवरी निर्दोष आहे एवढंच सांगा."

"ती विचारंल. ती हुशार आहे."

मला घरी चहाला यावंच लागेल म्हणाले. नाही म्हणवेना. घर गिरणीच्या मागेच होतं. शालनबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला, पाट दिला. गुलाबरावांनी खिशातला फोटो काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो जवळ धरून बघितला, मग लांब धरून बघितला.

"डवरीनं केलेलं नाही," गुलाबराव म्हणाले. "क्यामेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं. ह्या ताईंनी शोधून काढलं. आपला हर्षद आधीच गेला होता रस्त्यानं. पावणेसातच्या आतच."

त्यांना वाटलं, एवढ्यावर भागेल. मलाही वाटलं.

शालनबाई फोटोकडे बघत म्हणाल्या, "आणि डवरीनं फोन कधी केला होता?"

गुलाबराव माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"सव्वासाताला," शालनबाईंनी स्वतःच उत्तर दिलं. कोर्टाच्या तारखांना त्याही जात असणार. सगळं त्यांना पाठ होतं. "मग तो पाणी मागितलं म्हणत होता, ते?"

"खरं होतं," गुलाबराव म्हणाले. "पाणी प्यायला. दोन घोट. आणि बोलला. त्याला वाटलं, मीच आलोय."

शालनबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. आत-बाहेर असं काही तरी बघत राहिल्या, अंगणाकडे, ओट्याच्या पायरीकडे. मग बोलल्या, नवऱ्याशी नव्हे आणि माझ्याशीही नव्हे.

"तो गेला आणि मी न्हाले. मग इथं पायरीवर बसले होते, कोवळ्या उन्हात, केस वाळवत. शेजारची सुमन आली, तिच्याशी हसत होते मी कशावर तरी. बरं वाटत होतं उन्हात."

त्यांनी केसांना हात लावला आणि तो हात झटकन खाली घेतला.

"तेवढा वेळ तो होता," त्या म्हणाल्या.